कुंचला, छिन्नी आणि रुपेरी पडदा

ग्रंथालयाच्या शताब्दी-ग्रंथात चित्रपटांविषयीचा लेख कशासाठी, असा प्रश्न काही जुन्या सभासदांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर असे की, चित्रकार आणि शिल्पकार यांच्या जीवनावर निघालेल्या चित्रपटांपैकी पुष्कळसे आधी कपाटातली पुस्तके होते. रणजित देसाई यांच्या ‘राजा रविवर्मा’ या कादंबरीवरून ‘रंगरसिया’ निघाला, तर अर्व्हिंग स्टोन यांच्या कादंबरीवरून व्हॅन गॉगचा चित्रपट. दुसरे उत्तर आपल्या गावाशी निगडित आहे. मल्हारगंजातून राजवाड्याच्या दिशेने निघाले की सराफा लागतो आणि त्याच्या आसपास तांब्यापितळेच्या भांड्यांची दुकाने. या परिसरात एकेकाळी एक मुलगा पाटी-पेन्सिल सोडून चित्रे काढीत बसत असे. त्याचे नाव मकबूल फिदा हुसेन.

हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा, १९१५ सालचा. आई तान्हेपणीच गेली, वडिलांनी दुसरे लग्न केले आणि बिऱ्हाड इंदुरास आले. मुलाने काही उद्योग शिकावा म्हणून त्याला काकांच्या दुकानावर बसविण्यात आले. परंतु गल्ल्यावर बसून तो समोरून जाणाऱ्या माणसांची रेखाचित्रे काढी. आपल्या हिंदी आत्मकथनात हुसेन यांनी त्या दिवसांतील एक प्रसंग सांगितला आहे. एके दिवशी दुकानासमोरून चित्रपटाच्या जाहिरातीचा टांगा गेला. बँड वाजत होता आणि पतंगाच्या रंगीत कागदावर छापलेली ‘सिंहगड’ची जाहिरात वाटली जात होती. तीवर ढाल-तलवार घेतलेला मराठा वीर होता. हे चित्र तैलरंगांत करावे असे मुलाच्या मनाने घेतले. तैलरंग तर त्याने कधी हाताळलेही नव्हते. शाळेची दोन पुस्तके विकून त्याने रंगाच्या नळ्या आणल्या आणि काकांच्या दुकानातच आयुष्यातले पहिले तैलचित्र केले. काका संतापले, त्यांनी वडिलांकडे तक्रार केली. वडिलांनी चित्र पाहिले आणि मुलाला पोटाशी धरले.

येथे थोडी तारखांची शहानिशा करणे भाग आहे. हुसेन यांनी हा चित्रपट कोल्हापूरच्या शांतारामांचा म्हटला असून काळ मूकपटांचा सांगितला आहे. मूक ‘सिंहगड’ हा १९२३ चा, महाराष्ट्र फिल्म कंपनीचा, दिग्दर्शक बाबुराव पेंटर. शांताराम त्यात नट होते. शांतारामांनी स्वतः दिग्दर्शित केलेला ‘सिंहगड’ १९३३ चा, प्रभातचा, आणि तो बोलपट होता. आठवणीत हे दोन्ही एकमेकांत मिसळले असावेत. पण दोहोंचे मूळ एकच, हरिभाऊ आपट्यांची ‘गड आला, पण सिंह गेला’ ही कादंबरी. म्हणजे कादंबरीवरून चित्रपट, चित्रपटावरून पतंगी कागदावरची जाहिरात आणि त्या जाहिरातीवरून एक चित्रकार, अशी ही मालिका आहे. ग्रंथालयाच्या ग्रंथात तिला जागा मिळावयास हरकत नसावी.

या मालिकेत बाबुराव पेंटर यांचे नाव येते हा काही योगायोग नव्हे. आपला चित्रपटच मुळी चित्रकारांच्या हातून जन्मला. दादासाहेब फाळके हे १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले आणि रविवर्म्याच्या शिळाछापखान्यासाठी त्यांनी कामही केले. कोल्हापूरचे बाबुराव कृष्णराव मेस्त्री हे तर धंद्यानेच ‘पेंटर’. मामे-आते भावंडांच्या नात्यातले आनंदराव आणि ते मिळून नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. आनंदराव १९१६ साली गेले. त्यांनी घेतलेला चलत्-चित्राच्या कॅमेऱ्याचा ध्यास बाबुरावांनी पुरा केला. दामल्यांच्या साहाय्याने त्यांनी कोल्हापुरातच कॅमेरा घडविला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. रंगविलेल्या सपाट पडद्यांच्या जागी त्यांनी घडीव नेपथ्य आणले, पोशाखांचा विचार केला, आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगविली. दामले आणि फत्तेलाल हे प्रभातचे दोन आधारस्तंभही याच तालमीतले. असे असूनही यांपैकी कोणी आपल्याच व्यवसायबंधूच्या, म्हणजे चित्रकाराच्या, जीवनावर चित्रपट काढण्यासाठी ओळखला जात नाही. त्यांनी देव रंगविले, वीर रंगविले आणि मग संत रंगविले.

माझ्या मते खरी ग्यानबाची मेख येथेच आहे. मराठी चित्रपट चरित्र सांगावयास शिकला तो संतपटांतून. सज्जन, निःस्वार्थी नायक; त्याची अवहेलना करणारा मत्सरी प्रतिपक्षी; लोकनिंदा; कसोटी; आणि शेवटी चमत्काराने वा लोकमान्यतेने झालेला उद्धार, हा तो साचा. कलावंताच्या चरित्रपटाने तो जसाच्या तसा उचलला. तुकोबांसमोर सालोमालो उभा असतो, चित्रकारासमोर न्यायालय, धर्ममार्तंड किंवा सावकार. मात्र उचलताना एक गोष्ट सुटली. १९३६ च्या ‘संत तुकाराम’चे मोठेपण वैमानातल्या वैकुंठगमनात नाही. ते जिजाईच्या संसारात आहे. तिची म्हैस, तिचा तवा, तिची चिडचिड आणि तुकोबांच्या हातून होणारी व न होणारी कामे यांत आहे. दामले-फत्तेलालांना माणसाचे हात कसे चालतात हे दिसत होते, कारण त्यांचे स्वतःचे हात आयुष्यभर रंगात आणि चुन्यात होते. पुढच्या चित्रपटांनी संतपटातला छळ आणि साक्षात्कार घेतला. म्हैस मात्र गोठ्यातच राहिली.

‘रंगरसिया’ हे याचे उत्तम उदाहरण. केतन मेहता यांनी तो केला. २००८ मध्ये तो लंडनच्या महोत्सवात दाखविला गेला आणि आपल्याकडे प्रदर्शित व्हावयास २०१४ चा नोव्हेंबर उजाडला. अश्लीलतेच्या आरोपावरून रविवर्म्याला न्यायालयात उभे केले आहे आणि त्या खटल्याच्या चौकटीत त्याचे आयुष्य मागे जाऊन सांगितले आहे. रणदीप हुडा यांनी नायक रंगविला, नंदना सेन यांनी सुगंधा. हुसेन यांच्यावर देशभर गुदरलेले खटले आणि २००६ नंतरचा त्यांचा परागंदा काळ या पार्श्वभूमीवर हा विषय निवडण्यामागची तळमळ समजण्याजोगी आहे, किंबहुना तिचा आदरच करावयास हवा. कलावंताने काय रंगवावे हे जमावाने ठरवू नये, हे या चित्रपटाचे म्हणणे मोलाचे आहे. पण चित्रकाराचा चित्रपट म्हणून पाहू जाता हाती काय लागते? रंग कॅनव्हासपेक्षा नायक-नायिकेच्या अंगावर अधिक उधळले जातात. चित्र हे प्रेमाचा परिणाम म्हणून येते. ते कामाचा परिणाम म्हणून येत नाही.

रणजित देसाई हे शब्दांचे चित्रकार होते आणि कादंबरीकाराला सुगंधेची गरज असते, यात वाद नाही. परंतु रविवर्म्याच्या आयुष्याचे दुसरेही एक साधन उपलब्ध आहे. त्याचा धाकटा भाऊ सी. राजराज वर्मा हा स्वतः चांगला निसर्गचित्रकार होता आणि थोरल्या भावाच्या कामात त्याचा बरोबरीने हात असे. त्याने इंग्रजीत ठेवलेली दैनंदिनी पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तीत प्रवास आहेत, गिऱ्हाइकांच्या बैठका आहेत, कुणाचे चित्र पुरे झाले, कुणाचे अडले याच्या नोंदी आहेत, छापखान्याची काळजी आहे. सयाजीराव महाराजांसाठी १८८८ पासून पुढल्या दोन-एक वर्षांत चौदा पौराणिक चित्रे करणारा मनुष्य हा दुपारच्या वेळी स्वप्ने पाहणारा नव्हता. तो एक फिरता कारखानाच चालवीत होता. दोन भाऊ आगगाडीने संस्थानोसंस्थानी हिंडताहेत, बरोबर घडवंच्या आणि रंगपेट्या आहेत, एक मुखवटा रंगवितो तर दुसरा मागची टेकडी, याहून चित्रपटाला सरस असा विषय कोणता? १९०५ च्या प्रारंभी धाकटा गेला आणि पुढल्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९०६ रोजी, थोरला. ही दोन मरणे खटल्याहून अधिक हृदयद्रावक आहेत, असे मला तरी वाटते.

पाश्चात्त्यांनी या प्रांतात फार आधी पाऊल टाकले. पण त्यांची नामावळी देण्याचे येथे कारण नाही. व्हॅन गॉगचा कापलेला कान आणि मायकेलअँजेलोचे पोपशी भांडण यांनी जगभरची चित्रपटगृहे भरली. तोही एक संतपटच, फक्त वैमानाऐवजी वेडाचा झटका. वेगळा प्रयोग केला तो हेन्री-जॉर्ज क्लूझो या फ्रेंच दिग्दर्शकाने १९५६ साली. पिकासोला त्याने अशा कागदापुढे बसविले की, शाई कागदाच्या आरपार झिरपावी आणि पलीकडे ठेवलेल्या कॅमेऱ्याला हात न दिसता केवळ रेषा उमटताना दिसावी. फुलाचा मासा होतो, माशाचे कोंबडे होते आणि चांगले जमलेले चित्र चित्रकार आपणहून मोडतो. प्रेमप्रकरण नाही, खटला नाही, तरी प्रेक्षक श्वास रोधून बसतो, कारण पुढली रेषा कुठे जाईल हे ठाऊक नसते.

आपल्याकडे ही दृष्टी मोठ्या कथापटांपेक्षा छोट्या अनुबोधपटांतून आली. चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी दाखविल्या जाणाऱ्या त्या सरकारी चित्रफितींना आपण नाके मुरडीत आलो. पण फिल्म्स डिव्हिजनसाठीच हुसेन यांनी १९६७ मध्ये राजस्थानात ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ हा लघुपट केला. निवेदन नाही, गोष्ट नाही. छत्री, कंदील, जोडा अशा वस्तू वाळवंटाच्या उजेडात दिसतात आणि चित्रकार जगाकडे कसे पाहतो ते कळते. बर्लिनच्या महोत्सवात त्याला लघुपटांतील सुवर्ण अस्वल मिळाले. सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये आपले शांतिनिकेतनमधील गुरू विनोदबिहारी मुखर्जी यांच्यावर ‘द इनर आय’ केला. १९५७ च्या सुमारास विनोदबाबूंची दृष्टी पूर्णपणे गेली होती. आंधळा चित्रकार म्हटल्यावर करुणरसाचे पाट वाहावयाचे. राय यांनी तसे होऊ दिले नाही. सुमारे वीस मिनिटांत ते आपल्याला भिंतीवर चाललेले फरशांचे भित्तिचित्र दाखवितात, चाचपणारी बोटे दाखवितात आणि जुनी चित्रे शांतपणे समोर ठेवतात. शिष्याला गुरूचे काम ठाऊक होते म्हणून हे साधले. ऋत्विक घटक यांचा रामकिंकर बैज यांच्यावरील चित्रपट मात्र १९७६ मधील त्यांच्या निधनाने अपुरा राहिला. मराठी माणसाने या बाबतीत अभिमान बाळगावा तो अरुण खोपकर यांचा. जहांगीर साबावाला यांच्यावरील त्यांचा ‘कलर्स ऑफ अॅब्सेन्स’ (१९९३) हा चित्रपट आणि चित्र व चित्रपट या दोहोंवरचे त्यांचे मराठी लेखन एकत्र घेऊन बसावे. ‘चलत्-चित्रव्यूह’ला २०१५ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

शिल्पकारांच्या वाट्याला पडद्यावर याहूनही कमी न्याय आला आहे. शांतारामांच्या ‘गीत गाया पत्थरों ने’ (१९६४) मधील नायक शिल्पकार आहे आणि किशोरीताई आमोणकरांच्या स्वरातील शीर्षकगीतामुळे तो चित्रपट मराठी रसिकांच्या कायमचा स्मरणात राहिला. बाबुराव पेंटरांच्या हाताखाली घडलेल्या दिग्दर्शकाने हा विषय घ्यावा हे ओघानेच आले. पण तेथेही छिन्नी आहे ती गाण्यासाठी. आपल्या प्रेक्षकाची अशी समजूत होऊन बसली आहे की, शिल्पकार म्हणजे दगडावर घाव घालणारा. वस्तुतः चौकाचौकांत उभे असलेले ब्राँझचे पुतळे करणाऱ्याला त्या पुतळ्यापुरता दगड लागतच नाही. आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर मातीचे लिंपण, महिनोन्‌महिने ती माती ओल्या फडक्यांखाली जिवंत ठेवणे, मग प्लॅस्टरचा साचा, मातीची मूर्ती मोडून साचा रिकामा करणे, त्यातून प्लॅस्टरची प्रत आणि शेवटी ओतशाळेतले ओतकाम. शिल्पकाराच्या हाताचा स्पर्श ज्या मूळ मातीला झालेला असतो ती वाटेतच नष्ट होते. या एका गोष्टीत केवढे नाट्य आहे! आंद्रेई तारकोव्हस्कीने ‘आंद्रेई रुब्लियोव्ह’ (१९६६) मध्ये ते ओळखले. चित्रकाराच्या जीवनावरच्या त्या चित्रपटाचा अखेरचा मोठा भाग एका पोरसवदा ओतकाराच्या घंटेला दिला आहे. मातीचा साचा, भट्ट्या, वितळलेला धातू आणि घंटा वाजेल की नाही याची जीवघेणी धाकधूक आपण पाहतो. आपल्याला ओतकामाचे गुपित बापाने सांगितले आहे असे तो पोरगा सर्वांना बजावीत असतो. घंटा वाजल्यावर तो चिखलात कोसळून रडतो, कारण बापाने त्याला काहीच सांगितलेले नव्हते.

हे लिहिताना इंदूरकराचे मन साहजिकच धारेकडे जाते. रघुनाथ कृष्ण फडके (१८८४–१९७२) हे मूळचे वसईचे. मुंबईत गिरगाव चौपाटीवर लोकमान्यांचा पुतळा आहे, तो त्यांच्या हातचा. त्यांचे ‘प्रवचन’ हे शिल्प जाणकारांनी नावाजले. पुढे ते धारेस येऊन स्थायिक झाले, तेथेच त्यांनी स्टुडिओ थाटला, १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि तेथेच ते निवर्तले. मुंबईची कीर्ती पाठीशी असलेला शिल्पकार माळव्यातल्या एका लहान संस्थानी गावात चाळीसएक वर्षे माती मळीत बसतो, ही काही लहानसहान गोष्ट नाही. खटला नाही, वेड नाही, सुगंधा नाही; म्हणून पटकथाकाराची पावले तिकडे वळणे अवघड, हेही खरे.

अलीकडच्या मराठी चित्रपटांपैकी रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ (२०१८) चा उल्लेख करावयास हवा. त्याने कलाशाळेच्या वर्गातली बाजूच बदलून टाकली. घडवंचीमागे उभ्या असलेल्याऐवजी समोर बसलेल्या बाईची ती कथा आहे. कल्याणी मुळे यांची यमुना आणि छाया कदम यांची चंद्राक्का पोटासाठी जे. जे. कलाशाळेत नग्नतेच्या अभ्यासवर्गात बसतात. तासन्‌तास न हलता बसणे हे श्रम आहेत, त्याला रोजी आहे, ही गोष्ट त्या चित्रपटाने सरळपणे दाखविली. नसीरुद्दीन शहा यांच्या वृद्ध चित्रकाराला पाहताच हुसेन यांची आठवण होते. शेवटाकडे चित्रपट पुन्हा संतपटाच्या वाटेला लागतो आणि छळणाऱ्यांची गर्दी जमते, पण मधल्या वर्गातल्या शांततेसाठी तो पाहावा.

आता आपल्या घराकडे. दत्तात्रय दामोदर देवळालीकर (१८९४–१९७८) यांनी १९२७ मध्ये इंदुरात चित्रकला मंदिर सुरू केले. बेंद्रे, हुसेन, दे. ज. जोशी, विष्णू चिंचाळकर अशी नावे एका संस्थानी गावातल्या एका मास्तरांच्या हजेरीपटावर यावीत, याचे आश्चर्य आजही ओसरत नाही. देवळालीकर मास्तर विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर काढीत. उघड्यावर जाऊन, डोळ्यांसमोरचा उजेड पकडून, रुंद आणि जाड फटकाऱ्यांनी निसर्गचित्र करण्याची जी रीत इंदूरच्या चित्रकारांची म्हणून ओळखली जाते, तिचे मूळ या शिकवणुकीत आहे. नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०–१९९२) हे येथलेच, आणि पुढे बडोद्याच्या कलाशाळेत १९५० पासून त्यांनी अनेक पिढ्या घडविल्या. जोशींनी नर्मदेचे घाट आणि भिल्लांचे जीवन रंगविले. चिंचाळकर गुरुजींनी तर पुढे रंगपेटीही बाजूला ठेवली आणि वाळकी पाने, काटक्या, फेकलेल्या वस्तू यांतून आकार शोधले. ते २००० साली गेले. ज्यांनी या मंडळींना प्रत्यक्ष काम करताना पाहिले, त्यांची संख्या दरवर्षी घटते आहे. चित्रे संग्रहालयांत राहतील; मास्तर विद्यार्थ्याच्या कागदावर कोठे बोट ठेवीत, किती बोलत, केव्हा गप्प राहत, हे राहणार नाही. चित्रपटाला नेमके हेच टिपता येते, आणि नेमके हेच त्याने आजवर कमी टिपले आहे.

हुसेन यांच्या आत्मकथनात आणखी एक प्रसंग आहे. सराफ्याजवळच्या त्याच तांब्यापितळेच्या गल्लीत ते निसर्गचित्र करीत असताना तेथेच उघड्यावर चित्र रंगवीत असलेले बेंद्रे त्यांना भेटले. पुढे बेंद्रे यांनी मुलाच्या वडिलांची गाठ घेतली आणि मुलाला चित्रकारच होऊ द्यावे म्हणून सांगितले. मुसलमान गिरणी-कारकुनाच्या घरी, त्या काळी, चित्रकला हा उपजीविकेचा मार्ग मानला जाणे कठीणच होते. पण वडिलांनी ऐकले आणि मुंबईहून विन्सर न्यूटनच्या तैलरंगांच्या नळ्या व कॅनव्हास मागविला. हा प्रसंग कोणी पडद्यावर आणावयाचा ठरविलाच, तर वडील-मुलाची मिठी तो हमखास घेईल. मी असतो तर आधी गल्ली घेतली असती. सकाळची वेळ, दोन्ही बाजूंनी ठोक्यांचा आवाज, भांड्यांवरून परतणारा तांबूस उजेड समोरच्या भिंतीवर पडलेला, आणि दोन माणसे आपापल्या कागदावर घाईने हात चालवीत आहेत. घाई एवढ्यासाठीच की, तासाभरात ऊन सरकते आणि मग सगळी गल्ली दुसऱ्याच रंगाची होते.